प्रश्न तुमचे: साखरेवर अख्खं करिअर?

प्रश्न: बीएस्सीला आहे. ग्लायकोप्रोटीन म्हणजे साखर चिकटलेलं प्रोटीन, एवढंच पुस्तकात दिलंय. यावर कुणी आयुष्यभर रिसर्च कसं काय करतं?

उत्तर: अहो, ती साखरच तर सगळा घोळ घालते! प्रोटीनचा नकाशा डीएनएत असतो, साखरेच्या साखळीचा तसा नकाशाच नाही, ईआर आणि गॉल्जी या पेशीतल्या भागांमधले एन्झाइम्स ती जोडत, कापत जातात, त्यामुळे एकाच प्रोटीनवर वेगवेगळ्या साखळ्या सापडतात. आणि फरक केवढासा? ए आणि बी रक्तगटात शेवटची एकच साखर वेगळी, ओ मध्ये तीही नाही, पण चुकीचं रक्त चढलं तर जीवावर बेततं.

अमेरिकन केमिस्ट कॅरोलिन बर्टोझींचं बघा. १९९० च्या दशकात त्या याच साखळ्यांमागे लागल्या, पण बघायच्या कशा? प्रोटीनच्या जीनला चमकणाऱ्या प्रोटीनचा जीन जोडून ते चमकवता येतं, साखरेचं तसं नाही. मग त्यांनी पेशींना अझाइड लावलेली साखर चक्क खाऊ घातली. अझाइड म्हणजे तीन नायट्रोजनची छोटीशी शेपटी, पेशीला ती खुपतही नाही. पेशीने ती साखर स्वतःच पृष्ठभागावर नेऊन लावली, की वरून चमकणारा रेणू सोडायचा, तो फक्त त्या शेपटीलाच चिकटतो. शेपटीशी ही जोडणी झटपट व्हायला तांबं लागायचं आणि ते पेशींना विषारी, म्हणून २००४ मध्ये त्यांनी ताणलेल्या कड्याचा रेणू (ताणामुळे तो आपणहून झटपट जुळतो) वापरून तांबंच काढून टाकलं (मला तर हीच आयडिया सगळ्यात भारी वाटते). २०२२ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना, ती तांब्याची झटपट जोडणी शोधणाऱ्या मेल्डाल आणि शार्पलेस यांच्यासोबत मिळालं.

तेव्हा गॉल्जीचा धडा ऑप्शनला टाकू नका.