वाचकांचे प्रश्न: बीएसडी घ्यायची, पण कुठली?

प्रश्न: तीन वर्षं लिनक्स मिंट वापरतोय. ८ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर आता बीएसडी (युनिक्सच्या घराण्यातली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून बघायची आहे. फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, नेटबीएसडी यांत डेबियन आणि उबुंटूइतकाच फरक ना? मग कुठलीही चालेल?

उत्तर: नाही, गफलत नेमकी इथेच होते. डेबियन आणि उबुंटू दोन्हींत कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, लिनक्सचाच. बदलतं ते भोवतीचं सामान. बीएसडीत प्रत्येकीचा कर्नल, सी लायब्ररी आणि मूळ आज्ञा स्वतःच्या. फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी १९९३ मध्ये ३८६बीएसडी या आधीच्या बीएसडीतून निघाल्या, ओपनबीएसडी १९९५ मध्ये नेटबीएसडीतून फुटली. एकमेकींचा कोड त्या आजही उचलतात, पण एकीवर धावणारं वायफाय कार्ड दुसरीवर मुकं राहू शकतं. म्हणून आधी लॅपटॉपमध्ये कोणती कार्डं आहेत ते बघा, नाव मागाहून ठरवा.

मिंटच्या टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -एनएन' चालवा. नेटवर्क कंट्रोलरच्या ओळीत चौकटी कंसात कोलनने जोडलेले दोन क्रमांक दिसतील. पहिला ८०८६ असेल तर कार्ड इंटेलचं, काम बहुधा सोपं. १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. तिथे तिन्हींकडे डोकेदुखीची तयारी ठेवा. ग्राफिक्सची ओळही वाचा. एनव्हिडिया असेल तर ओपनबीएसडी सोडून द्या, तिथे त्याचा कामाचा ड्रायव्हर नाही. फ्रीबीएसडीवर मात्र कंपनीचाच ड्रायव्हर मिळतो. ब्लूटूथ हेडफोनवाचून अडत असेल तरी ओपनबीएसडी नको. तिने ब्लूटूथ २०१४ मध्येच काढून टाकलं.

हे सगळं जुळलं, तर पहिल्या खेपेला आमचा कौल फ्रीबीएसडीला. हँडबुक उत्तम, झेडएफएस या तिच्या फाइलसिस्टिमला ८ जीबी रॅम पुरते, आणि अपडेट बिघडलं तर आधीच्या बूट एन्व्हायर्नमेंटवर (सिस्टिमच्या जतन केलेल्या जुन्या अवस्थेवर) परतता येतं. एक खोच आहे: डेस्कटॉप आपोआप येईल असं धरू नका. एक्सऑर्ग (पडद्यावर खिडक्या दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि 'डीआरएम-केमॉड' (ग्राफिक्सचे ड्रायव्हर) हाताने टाकायचं, आरसी.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये ड्रायव्हरच्या मॉड्यूलची ओळ लिहायची आणि स्वतःला 'व्हिडिओ' गटात घालायचं. हे शेवटचं हमखास राहतं, मग डेस्कटॉप उघडतो पण रखडत चालतो. नेटबीएसडी जुन्या, विचित्र यंत्रांसाठी राखून ठेवा.

प्रश्न: ओपनबीएसडी टाकली. वायफाय कार्ड 'आयडब्ल्यूएम०' म्हणून दिसतं, पण नेट नाही. फर्मवेअर आणणारं 'एफडब्ल्यू_अपडेट' चालवावं तर त्यालाच नेट लागतं!

उत्तर: परवान्यामुळे इंटेलचं फर्मवेअर (कार्डाला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्ये देत नाहीत, म्हणून हा पेच. अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा आणि टेदरिंग (फोनचं नेट लॅपटॉपला देणं) सुरू करा. 'युआरएनडीआयएस०' नावाचा इंटरफेस दिसेल. 'इफकॉन्फिग' या आज्ञेने त्याला 'आयनेट ऑटोकॉन्फ' (पत्ता आपोआप घेण्याची सूचना) द्या, मग 'एफडब्ल्यू_अपडेट' चालवा आणि रीबूट करा. त्यानंतर ईटीसी फोल्डरमध्ये 'होस्टनेम.आयडब्ल्यूएम०' ही फाइल बनवा. पहिल्या ओळीत 'जॉइन', नेटवर्कचं नाव, 'डब्ल्यूपीएकी' आणि पासवर्ड. दुसरीत 'आयनेट ऑटोकॉन्फ'. पासवर्ड उघडा लिहिलेला असतो, तेव्हा फाइलची परवानगी ६४० करा.

प्रश्न: ओपनबीएसडीत होममध्ये भरपूर जागा आहे, तरी ब्राउझर टाकताना 'डिस्क भरली' म्हणते.

उत्तर: भरलाय तो यूएसआर-लोकल हा डिस्कचा तुकडा. इन्स्टॉल करताना आपोआप आखणी निवडली की डिस्कचे बरेच तुकडे पडतात आणि पॅकेजं सगळी या एका तुकड्यात जातात. इथली फाइलसिस्टिम वाढवता येते, आकसवता येत नाही. त्यामुळे होममधून जागा काढून देता येणार नाही. होमची प्रत बाहेर घ्या आणि पुन्हा इन्स्टॉल करा. आखणीच्या प्रश्नावर 'ए'ऐवजी 'ई' दाबा, मग कॅपिटल 'आर'ने यूएसआर-लोकल वाढवा. शेवटचा तुकडा, म्हणजे बहुधा होम, तेवढा आपोआप लहान होतो.