12 वर्षांच्या मुलीच्या मणक्याला बाजूला 28 अंशांचा बाक (स्कोलिओसिस) आहे, तिला अजून पाळी आलेली नाही. डॉक्टर ब्रेस (धडाभोवती घालायचा कडक पट्टा) लावा म्हणतात, घरचे म्हणतात दप्तरामुळे झालंय, योगासनांनी जाईल. काय करावं?

ब्रेस लावा, आणि लवकर लावा. माझ्या मुलीने सातवी-आठवीत तो घातलाय, म्हणून आई या नात्याने सांगते.

तिला अजून पाळी आलेली नाही, असं तुम्ही लिहिलंय. 28 या आकड्याइतकंच ते महत्त्वाचं आहे. पाळी येण्याच्या आधी मुली झपाट्याने उंच होतात आणि बाकही तेव्हाच भराभर वाढतो. हाच बाक उंची थांबल्यावर सापडला असता, तर बहुधा नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं असतं. "वाढीचं वय आहे, होईल सरळ" हे म्हणूनच धोक्याचं.

दप्तराने हे होत नाही, वाकून बसण्यानेही नाही. बहुतेक मुलांत कारण सापडतच नाही. तेव्हा "ताठ बस" म्हणून तिच्यामागे लागू नका, तिचा यात काही दोष नाही. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून जरूर करू दे, पण ब्रेसच्या जोडीने.

ब्रेसने पाठ सरळ होईल अशी आशा मात्र धरू नका. बाक 50 अंशांवर जाऊन ऑपरेशनची वेळ येऊ नये, यासाठी तो असतो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात वाढ पूर्ण होईपर्यंत ब्रेसवाल्या 72 टक्के मुलांचा बाक 50च्या आत राहिला. ब्रेस नसलेल्यांत 48 टक्के. रोज 13 तासांहून जास्त घालणाऱ्यांत तर नव्वदीच्या पुढे. सगळं तासांवर आहे.

आणि ते तास मुलीला काढायचे असतात. आत बिनशिवणीचा सुती बनियन घाला, अगदी अंगाबरोबर. एक सुरकुती राहिली तरी कमरेवर लाल वळ उठतो. ब्रेस काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली नाही, तर बनवणाऱ्याकडून तो घासून घ्या. आत क्रीम लावू नका, कातडी नरम पडून सोलते. मे महिन्यात फार चिडचिड होते, तेव्हा रात्रीचे तास सोडू नका. शाळेत कुणाला सांगायचं, हे तिलाच ठरवू दे.

रात्री झोपमोड होण्याइतकं दुखत असेल, पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

धाकटं भावंड असेल तर त्यालाही पाय जुळवून कमरेतून वाकायला सांगा आणि मागून बघा. एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसल्या तर त्याचीही तपासणी करा. हे एका घरात अनेकांना असू शकतं.