५१२ जीबी मेमरीच्या सर्व्हरवर क्रॅश डंपसाठी राखलेले २५६ एमबी अपुरे का पडतात?

आपण विचारले आहे की लिनक्स सर्व्हरवर क्रॅशकर्नलसाठी (मुख्य कर्नल कोसळल्यावर सुरू होणाऱ्या दुसऱ्या कर्नलसाठी) २५६ एमबी राखून ठेवूनही कर्नल पॅनिकनंतर (न सावरता येणाऱ्या चुकीने कर्नल थांबल्यावर) डंप, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची फाइल, न बनताच यंत्र रीबूट होते, तर ही जागा एकूण मेमरीच्या प्रमाणात वाढवावी का, आणि मुळात ती कायमची अडवून ठेवणे टाळता येईल का.

दुसरा प्रश्न आधी घेतो. पॅनिक झालेल्या कर्नलवर कोणत्याच कामासाठी भरवसा ठेवता येत नाही. त्याच्या मेमरीवाटपाच्या नोंदी बिघडलेल्या असू शकतात, डिस्क ड्रायव्हरचे लॉक अडकलेले असू शकते. म्हणून २००५ साली २.६.१३ या आवृत्तीत आलेल्या केडंप या सोयीने डंप लिहिण्याचे काम त्याच्याकडून काढून घेतले आणि एरिक बीडरमन यांच्या केएक्झेक या यंत्रणेच्या आधारे बायॉसला (यंत्र सुरू करणाऱ्या फर्मवेअरला) वळसा घालून सुरू होणाऱ्या दुसऱ्या कर्नलकडे सोपवले. या दुसऱ्या कर्नलला जागा आयत्या वेळी देता येत नाही, कारण कर्नल पॅनिक झाला म्हणून नेटवर्क कार्ड थांबत नाही; त्याला पूर्वी दिलेल्या पत्त्यांवर ते आलेली पॅकेट्स डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत, लिहीतच राहते. बूटच्या वेळीच बाजूला काढलेली जागा कधीच कोणत्या ड्रायव्हरच्या हाती गेलेली नसते, आणि तिची सुरक्षितता एवढ्या एकाच गोष्टीवर उभी आहे.

आता आकाराकडे येऊ. दुसरा कर्नल आपले सारे व्यवहार या २५६ एमबीतच करतो; उरलेली मेमरी त्याला प्रॉकमधील व्हीएमकोअर या फाइलच्या रूपाने केवळ वाचायची असते. त्यामुळे एकूण मेमरीचा परिणाम वाटतो त्यापेक्षा बराच कमी होतो. मेमरीचे कोणते पान (ठरावीक आकाराचा तुकडा) घ्यायचे आणि कोणते वगळायचे याची नोंद मेकडंपफाइल (डंप लिहिणारे साधन) दर पानाला एक बिट या हिशेबाने ठेवते. ५१२ जीबीत ४ केबीची सुमारे १३ कोटी ४२ लाख पाने होतात, म्हणजे एका नोंदपटाला १६ एमबी आणि दोन नोंदपटांना ३२ एमबी, शिवाय १.५ आवृत्तीपासून हे काम तुकड्यातुकड्यांनी करण्याची सोय असल्याने तेवढीही जागा एकदम लागत नाही. खरा खर्च होतो तो उलगडलेल्या इनिटरॅमएफएसवर (बूटच्या वेळी मेमरीत ठेवल्या जाणाऱ्या तात्पुरत्या फाइलव्यवस्थेवर) आणि ड्रायव्हरांवर.

मला हे एका यंत्रावर सीरियल कन्सोल (कर्नलचे संदेश केबलवरून बाहेर दाखवणारी सोय) जोडल्यावरच उमगले. तोवर लॉगमध्ये काहीच सापडत नव्हते, कारण दुसऱ्या कर्नलचे संदेश डिस्कवर पोहोचण्याआधीच यंत्र रीबूट होत असे. कन्सोलवर मात्र सगळे स्पष्ट दिसले: दुसरा कर्नल नीट सुरू झाला, स्टोरेज सापडले, मग दोन्ही नेटवर्क कार्डांच्या ड्रायव्हरांनी आपापले बफर घेतले, आणि लगेच ‘आउट ऑफ मेमरी’ असा संदेश येऊन नेमकी मेकडंपफाइलच मारली गेली. डंप स्थानिक डिस्कवर जाणार होता, म्हणजे त्या कार्डांची गरजच नव्हती. इनिटरॅमएफएस बनवणाऱ्या ड्रॅकट या साधनाच्या पर्यायांत ते ड्रायव्हर वगळून केडंपचा इनिटरॅमएफएस पुन्हा बनवला, तेव्हा त्याच २५६ एमबीत डंप पूर्ण झाला.

तेव्हा आपणही आधी कन्सोल पाहावा. मल्टिपाथ (एकाच स्टोरेजकडे जाणारे अनेक मार्ग) किंवा नेटवर्कवरचा डंप खरोखरच हवा असेल, तर ५१२ एमबी ठेवावेत. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ चे मूळ मूल्यही ६४ जीबीपुढच्या यंत्रांसाठी तेवढेच आहे, आणि आपल्या मेमरीचा तो जेमतेम हजारावा भाग होतो. जागा ४ जीबीच्या वर हलवण्यासाठी क्रॅशकर्नल या बूट पॅरामीटरचा ‘हाय’ हा पर्याय वापरल्यास खालच्या भागातही काही जागा आपोआप घेतली जाते. ती वाया जाते असे समजून शून्यावर आणू नये, कारण ज्या उपकरणांना ३२ बिटांपलीकडचे पत्ते कळत नाहीत त्यांचे बफर तिथेच लागतात. अलीकडच्या कर्नलमध्ये सीएमएमधून (गरजेनुसार सलग मोकळा करता येणाऱ्या मेमरीच्या भागातून) राखीव जागा घेण्याची सोय आली आहे, आणि ती जागा एरवी वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमांना मिळते. पण तिच्यासोबत डीएमएचा वर सांगितलेला धोका काही अंशी परत येतो, म्हणून प्रत्यक्ष वापरातल्या (प्रॉडक्शन) यंत्रावर मी तरी ती अजून वापरत नाही.

चालू यंत्रावर केएक्झेक क्रॅश साइझ या फाइलमध्ये लहान आकडा लिहून, दुसरा कर्नल लोड केलेला नसताना, जागा कमी करता येते; वाढवायची असेल तर बूटचा पॅरामीटर बदलून रीबूट करावेच लागते. केएक्झेक क्रॅश लोडेड या फाइलमध्ये १ दिसत नसेल, तर जागा राखलेली असूनही तिच्यात कर्नल भरलेला नाही असे समजावे. देखभालीच्या ठरलेल्या वेळेत, सिंक (न लिहिलेला डेटा डिस्कवर उतरवणारी आज्ञा) चालवून, सिसरिक्यू या कर्नलला थेट आज्ञा देण्याच्या सोयीच्या ‘सी’ने पॅनिक मुद्दाम घडवावा, आणि तयार झालेली फाइल डंप तपासण्याच्या क्रॅश या साधनात उघडते का ते पाहावे.