तुमचे शूज, तुमचे प्रश्न: पांढरे स्नीकर्स पिवळे का पडतात?

मागच्या महिन्यात घरच्या घरी शूज साफ करण्याबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, आणि निम्म्याहून जास्त पत्रं एकाच रंगाबद्दल आली, पिवळ्या. पण प्रत्येकाचा पिवळा वेगळा आहे, त्यामुळे उपायही वेगळे. काही निवडक प्रश्न घेतेय.

ताई, मुलाचे पांढरे जाळीचे स्नीकर्स फार मळले होते. कपड्यांचं ब्लीच घातलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवले, घासले आणि गच्चीवर कडक उन्हात ठेवले. ओले असताना दुधासारखे पांढरे दिसत होते, वाळल्यावर चहा सांडल्यासारखे पिवळे! परत ब्लीच केलं तर अजूनच पिवळे झाले. आता काय करू? (एक वाचक, पुणे)

सगळ्यात आधी, तिसऱ्यांदा ब्लीच करू नका. ब्लीच सुती कापडाचं काम आहे, आणि तुमच्या मुलाच्या बुटांची जाळी सुती नाहीये, ती पॉलिस्टर किंवा नायलॉनची असणार, आत फोम, मध्ये गोंद, कडेला ताणणारं इलॅस्टिक. या सगळ्याला क्लोरीनवालं ब्लीच लागलं की पिवळेपणा येतो आणि इलॅस्टिक तर खलासच होतं. मी हे माझ्या मुलीच्या शूजवर करून बसलेय, त्या दिवशी तिचा चेहरा बघवत नव्हता, म्हणून इतकं जीव तोडून सांगतेय.

पण तुमचा सगळा पिवळेपणा ब्लीचचा नसेल, बराचसा साबणाचा असेल. बूट वाळतो तेव्हा पाणी कुठून जातं? वरच्या कापडातून. आतल्या फोममध्ये जो साबण अडकलेला असतो तो पाण्याबरोबर वर येतो, पाणी उडून जातं आणि साबण, मळ, सगळं कापडाच्या वरच्या थरावर राहतं, त्यात वरून कडक ऊन. आता बूट हातात घेऊन नीट बघा, पिवळेपणा शिवणीच्या कडेने, पुढच्या टोकाला आणि बुटाच्या जिभेच्या (नाड्यांखालच्या पट्टीच्या) काठावर जास्त आहे का? असेल तर तो साबणच आहे आणि तो निघतो.

नाड्या आणि आतले तळवे काढा. बादलीत साधं पाणी, बूट बुडवून हाताने दाबा, स्पंज दाबतो तसं. फेस येईल, चार-पाच वेळा धुतलेल्या बुटातूनही येतो. पाणी बदला, परत दाबा, फेस यायचा थांबेपर्यंत. तीन-चार बादल्या जातील पण इथे कंटाळा केला तर पुढचं सगळं फुकट. मग एक लिटर पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवा, साबणाचा क्षार त्याने मरतो, आणि पुन्हा साध्या पाण्यातून काढा. पण ब्लीच पूर्ण निघून गेल्याशिवाय व्हिनेगर, लिंबू, संडास साफ करायचं ॲसिड, काही म्हणजे काही जवळ आणू नका, ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. तुम्ही दोनदा ब्लीच केलंय म्हणून आज फक्त साध्या पाण्याने धुवा, व्हिनेगर उद्या.

आता खरी गंमत वाळवण्यात आहे. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपून घ्या, आत कोरा कागद कोंबा (वर्तमानपत्र नको, शाई लागते) आणि बुटावर बाहेरून पांढऱ्या टिश्यू पेपरचे दोन-तीन थर ओले असतानाच चिकटवा, कुठेही कापड उघडं राहू देऊ नका. मग सावलीत, पंख्याखाली. पाणी आता कापडातून निघून कागदात जातं आणि मळ तिथेच जाऊन थांबतो. दुसऱ्या दिवशी कागद सोलाल तेव्हा त्यावर तपकिरी पिवळ्या रेघा दिसतील, नकाशावरच्या नदीसारख्या, आणि खालचं कापड पांढरं. एकदा करून उरलं तर परत करा. दोनदा करूनही जो रंग राहील तो मात्र ब्लीचने धाग्यालाच लागलेला आहे, तो जाणार नाही, खोटी आशा दाखवत नाही.

माझ्या स्नीकर्सचं कापड ठीक आहे पण सोलची पांढरी पट्टी पिवळी पडलीये. व्हिडिओत बघून सोडा आणि व्हिनेगर लावलं, कोलगेटही घासलं, थोडाच फरक पडला. (एक वाचक, नाशिक)

सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की फसफसतं, बघायला छान वाटतं, पण ते दोघं एकमेकांना मारतात, हातात उरतं ते खारट पाणी. घासायचं तर सोडा भांड्यांच्या लिक्विडबरोबर वापरा. कोलगेटचंही तसंच, त्यातली बारीक पूड वरचा मळ खरवडते म्हणून थोडा फरक दिसला. वरच्या मळासाठी मेलामाइनचा पांढरा स्पंज मिळतो तो त्याहून चांगला, फक्त रबरावरच वापरा, चकचकीत लेदरवर नाही, कारण तो खरं तर अगदी बारीक पॉलिश पेपर आहे.

पण तुमचा पिवळा वर बसलेला नाहीये, तो रबराच्या आतला आहे. हवा आणि ऊन लागून रबर जुनं होतं तसा तो येतो, घासून जाणार नाही. त्याला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. पार्लरच्या सामानाच्या दुकानात केसांच्या रंगात मिसळायचं क्रीम डेव्हलपर मिळतं, २० व्हॉल्यूमचं म्हणजे ६ टक्केवालं मागा. ४० व्हॉल्यूमचं आणू नका, ते १२ टक्के असतं, हात भाजतो आणि सोलवर पट्टे उठतात. हातमोजे घाला, बुटाच्या कापडाला चिकटपट्टी लावून झाका, सोलवर ब्रशने जाड थर द्या, वरून स्वयंपाकघरातली पातळ क्लिंग फिल्म घट्ट गुंडाळा म्हणजे क्रीम वाळणार नाही, आणि उन्हात ठेवा. हो, इथे ऊन हवं, उन्हातल्या अतिनील किरणांनीच पेरॉक्साइड कामाला लागतं. अर्ध्या-अर्ध्या तासाने फिल्मवरूनच बोटाने क्रीम पसरवा, एका जागी कमी-जास्त राहिलं तर ढग-ढग दिसतात. दोन-तीन तासांनी धुऊन बघा, लागलं तर दुसऱ्या दिवशी परत. काही महिन्यांनी पिवळेपणा हळूहळू परत येऊ शकतो. आणि मुळातच मधाच्या रंगाचा गम सोल असेल तर त्याच्या नादी लागू नका, तो तसाच असतो.

माथेरानला गेलो होतो, दस्तुरीपासून सगळं चालत, पांढरे शूज लालभडक झाले. हॉटेलवरच साबण लावून ओल्या ब्रशने घासले तर आता अख्खे बूट गुलाबी दिसतायत. (एक वाचक, डोंबिवली)

माथेरानला खासगी गाड्या दस्तुरीच्या पुढे नेता येत नाहीत, आणि चालत निघालं की ती माती तुडवण्यावाचून इलाजच नाही! ती जांभ्याची माती, कोकणात, गोव्यात, महाबळेश्वरला तीच, आणि तिचा लाल रंग लोहाचा आहे, सोप्या भाषेत गंजाचा. ओली असताना घासली की ती धाग्यांमध्ये आणखी खोल बसते, तुमचं तेच झालंय. पुढच्या वेळी आधी पूर्ण वाळू द्या, हॉटेलवर काही करू नका, घरी येऊन बूट एकमेकांवर आपटा, मग कोरड्या ब्रशने झटका, अर्ध्याहून जास्त माती अशीच पडते.

आता गुलाबी रंगासाठी. ब्लीच लोहाच्या डागाला काही करत नाही, उलट पक्का करतं. लोहाला आम्ल लागतं. किराणा दुकानात सायट्रिक ॲसिड मिळतं, काही जण लिंबूसत्त्व म्हणतात, ते एक छोटा चमचा कपभर कोमट पाण्यात विरघळवा, आधी बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला थेंब टाकून रंग उतरत नाही ना बघा, मग डागावर लावा आणि पंधरा मिनिटं थांबा. मऊ टूथब्रशने एकाच दिशेने हलकं फिरवा, भरपूर पाण्याने धुवा. दोन-तीन वेळा करावं लागेल. शेवटी टिश्यू पेपरचं वर सांगितलंय तसंच. लेदरच्या बुटांना हे करू नका.

मावसभावाच्या हळदीत नवे स्नीकर्स हळदीने माखले. साबण लावला तर डाग एकदम लाल झाला! घाबरून तसेच ठेवलेत. (एक वाचक, कोल्हापूर)

घाबरू नका, बुटाला काही झालेलं नाही. हळदीतल्या रंगाला क्षार लागला की तो लाल होतो, साबणात क्षार असतो. आपल्याकडे हळदीला चुना लावून कुंकू करतात ना, अगदी तेच तुमच्या बुटावर झालं. साबण धुऊन काढला, वर थोडं लिंबू पिळलं की परत पिवळा होईल.

हळद तेलात कालवलेली असणार, म्हणून आधी भांड्यांचं लिक्विड लावून तेल काढा. मग फेस पूर्ण जाईपर्यंत साधं पाणी. आणि मग ऊन! हळदीचा रंग उजेडाला टिकत नाही, दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, फिरवत राहा म्हणजे सगळ्या बाजूंना लागेल, डाग आपोआप फिका होत जातो. पुण्याच्या ताईंना मी सावली सांगितली आणि तुम्हाला ऊन सांगतेय, कारण त्यांच्या बुटात साबण होता. तुमच्या बुटात साबणाचा थेंबही राहिला तर हळद जाईल आणि दुसराच पिवळा येऊन बसेल.

पहिल्या पगारातून घेतलेले शूज जपून डब्यात ठेवले होते, फार तर दहा वेळा घातले असतील. चार वर्षांनी काढून घातले आणि जिना उतरेपर्यंत सोलचा चुरा झाला, अक्षरशः भाकरीच्या पिठासारखा. डुप्लिकेट होते का? काही करता येईल? (एक वाचक, मुंबई)

वाचून फार वाईट वाटलं. डुप्लिकेट असतीलच असं नाही, अस्सल महागड्या बुटांचंही असंच होतं. बऱ्याच बुटांचा मधला सोल पॉलियुरेथेन नावाच्या फोमसारख्या प्लास्टिकचा असतो आणि हवेतली ओल त्या रसायनाच्या साखळ्या तोडत राहते, बूट घाला नाहीतर डब्यात ठेवा. मुंबईची दमट हवा, बंद कपाट, चार पावसाळे, एवढं पुरेसं आहे. चुरा झालेला सोल चिकटवून काही उपयोग नाही, गोंद धरायला खाली काही उरलेलंच नसतं.

पण वरचं कापड किंवा लेदर चांगलं असेल तर फेकू नका. चांगल्या मोचीकाकांकडे घेऊन जा, ते जुना सोल पूर्ण काढून नवा बसवतात आणि कडेने शिलाई मारून देतात. दिसायला अगदी तसे होणार नाहीत, पण पहिल्या पगाराचे बूट परत पायात येतील. उरलेले बूट डब्यातून बाहेर काढा, हवेशीर ठेवा, घालत राहा.

(सोल नुसता पुढून उघडलाय असं तिघांनी लिहिलंय, त्यांना: फेविक्विक लावू नका, ते कडक होतं आणि चालताना तिथूनच तडकतं. मोची लोक वापरतात तो पिवळसर रबरी गोंद आणा, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरवडा, दोन्हींना पातळ लावा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मगच जोरात दाबा. ओला असताना चिकटवला की निघतोच.)

पांढरे लेदरचे स्नीकर्स मशीनमध्ये धुऊ का? (एक वाचक, ठाणे)

नको. लेदर भिजलं की फुगतं, वाळताना आकसतं, वरचा रंग तडकतो. ओलसर फडकं, दोन थेंब सौम्य शाम्पू, मऊ ब्रश, लगेच पुसून कोरडं, बास. नाड्या मात्र कोमट पाण्यात ऑक्सिजनवाल्या डाग काढायच्या पावडरीत तासभर भिजवा, नुसत्या नाड्या पांढऱ्या झाल्या तरी अर्धा बूट नवा दिसतो.

नातवाचे शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट दर आठवड्याला कळकट होतात. आमच्या वेळी आम्ही फळ्याचा खडू घासायचो, आता काय चांगलं? (एक आजोबा, सातारा)

आजोबा, खडू आम्हीही घासलाय, प्रार्थनेच्या रांगेत उभं राहायच्या आधी! डाग झाकतो पण पहिल्या धावण्यातच उडतो. कॅनव्हासचे बूट धुवायला सगळ्यात सोपे, कापड सुती असतं. साध्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, फेस जाईपर्यंत खळबळा, आणि शेवटच्या अर्ध्या बादली पाण्यात नीळ दोन-तीन थेंब, आधी पाण्यात नीट ढवळून, बुटावर थेट कधीच नाही. निळसर झाक पिवळेपणा मारते, आपण धोतराला, सदऱ्याला हेच करत आलोय. पांढरं पॉलिश लावायचंच असेल तर बूट पूर्ण वाळल्यावर आणि पातळ हाताने, नाहीतर त्याच्या खपल्या पडतात. शनिवारी पीटी असेल तर गुरुवारी रात्रीच धुवा, पावसाळ्यात एका रात्रीत आतून वाळत नाहीत आणि ओल्या बुटात पोराच्या बोटांमध्ये चिखल्या होतात.