ओठ जड झाला म्हणजे दाढ बधिर झाली असं नाही

ताई, वडिलांबद्दल वाचलं. खालची दाढ महिनाभर ठणकायलीय, दोनदा गंगाखेडहून परभणीला नेलं. एकदा दवाखान्याच्या पायरीवरून परतले, दुसऱ्यांदा इंजेक्शन घेऊनही मशीन लागताच खुर्चीतून उठले. आता ‘दुखू दे, पण तिथं नको’ म्हणायलेत. माझीही हीच गत होती, म्हणून जरा लांबण लावतो. मी डॉक्टर नाही, खुर्चीत बसणाऱ्यांतला आहे. औषधाचं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

धीर द्या, सोबत बसा, लांब श्वास घ्यायला सांगा, हे तुम्ही करतच असाल. ते सोडतो.

दुसऱ्यांदा ते भित्रे म्हणून उठले असं मला वाटत नाही. बहुतेक दाढ बधिर झालीच नव्हती. खालच्या दाढेची सुई दाढेपाशी देत नाहीत, पार मागं, जिथं नस जबड्याच्या हाडात शिरते तिथं देतात. तीन-पाच मिनिटांत ओठ जड होतो. दाढेच्या आतल्या नसेला मात्र दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात. त्यात दाढ आधीच ठणकत असेल तर आतली नस इतकी चिडलेली असते की नेहमीच्या एका इंजेक्शनला दाद देत नाही. ओठ लाकडासारखा आणि दाढ जिवंत!

माझं ज्या दवाखान्यात बिघडलं तिथं हेच झालं. ‘ओठ जड झाला?’ ‘हो.’ की लगेच मशीन. कळ आली तर ‘नुसतं दाबल्यासारखं वाटतंय हो, एवढा मोठा माणूस!’ दुखतंय म्हणणाऱ्याला दुखत नाही असं सांगणं, यासारखा माणूस कायमचा पळवून लावायचा दुसरा उपाय नाही. मग तो टाळतो, दाढ सडत जाते, अगदी असह्य झाल्यावरच येतो, आणि नेमकी तेव्हाच भूल चढत नाही.

म्हणून सुरू करण्याआधी डॉक्टरांना एवढंच म्हणा: ‘गार लावून बघता का?’ कापसाच्या बोळ्यावर गार फवारा मारून तो दाढेला टेकवतात. गार लागलं तर अजून थांबायचं. तरीही लागत असेल तर पुढचे मार्ग आहेत: गालाच्या बाजूनं आणखी एक इंजेक्शन (त्याला बरेच जण आर्टिकेन नावाचं बधिर करणारं औषध वापरतात), दाढ आणि हाडाच्या फटीत एक, आणि अगदी शेवटी थेट दाढेच्या आतल्या नसेत. शेवटचं काही सेकंद जोरात झोंबतं, ते वडिलांना आधी सांगून ठेवा. हे विचारलं म्हणून चांगला डॉक्टर चिडत नाही. चिडला तर दुसरा बघा.

सुईचंच भय असेल तर हिरडी कोरडी करून बधिर करणारं जेल एक-दोन मिनिटं लावायला सांगा, आणि औषध सावकाश सोडायला. साधारण एका मिलीला एक मिनिट. घाईनं ढकललं की दुखतं.

इंजेक्शननंतर छाती धडधडते, हात थरथरतात. बधिर करायच्या औषधासोबत (लिग्नोकेन) बहुधा ॲड्रेनॅलिन असतं, त्याचा हा परिणाम. काही मिनिटांत उतरतो. पण कुणी सांगितलेलं नसलं की माणसाला वाटतं, हार्टचंच झालं. अर्थात बीपी, हृदयाचा त्रास, रक्त पातळ करायच्या गोळ्या हे आधीच सांगायचं, आणि त्या गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत.

डावा हात वर केला की मशीन थांबणार, हे आधी ठरवून घ्या आणि एकदा उगीच हात वर करून बघा. पहिल्या खेपेला नुसता एक्स-रे काढून परत या. उपाशी नेऊ नका. भाकरी खाऊन, शुगरची गोळी चालू असेल तर ती नेहमीसारखी घेऊन जायचं. रिकाम्या पोटी भीतीनं चक्कर येते आणि खापर इंजेक्शनवर फुटतं. धीर यावा म्हणून ‘दोन घोट’ तर अजिबात नको.

गुटखा-सुपारी असेल तर घरीच बघा, तोंडात तीन बोटं उभी मावतात का. मावत नसतील तर ते सगळ्यात आधी सांगा, कारण मागपर्यंत सुई पोचवणंच अवघड होतं. किडलेल्या दाढेत तंबाखू भरू नका. हिरडीवर दुखण्याची गोळी ठेवू नका, चामडी पांढरी पडून भाजते. आणि वरची दाढ काढली की डोळा जातो म्हणणाऱ्या पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावा. दाताची नस वेगळी, नजरेची वेगळी.

खाजगीत जमत नसेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. विद्यार्थी हात लावतात, वेळ जातो म्हणून लोक नाकं मुरडतात. माझ्या मते घाबरलेल्या माणसाला सावकाश चालणारी खुर्चीच बरी.

जबड्याखाली सूज आली, गिळता येईना किंवा ताप आला तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. आणि काम झाल्यावर स्टँडवर चहा-भजी नको. ओठ जड आहे तोवर गाल चावला जातो, ते घरी आल्यावर कळतं.