पाणकणसात चोच वर करून उभा राहणारा पिवळट पक्षी कोणता?

तळ्याकाठच्या पाणकणसात, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या उंच गवतात, एक पिवळट पक्षी चोच आभाळाकडे करून निश्चल उभा होता, ते वंचकाचं (पाणथळीतल्या छोट्या बगळ्याचं) पिल्लू असेल का, असं तुम्ही विचारलंय. वर्णनावरून तो पिवळा तापस वाटतो. कुळ बगळ्याचंच, पण लांबी जेमतेम 36 ते 38 सेंटीमीटर, वंचकाहूनही लहान.

खात्री करायची तर तो उडेपर्यंत थांबा. वंचक उडाला की पांढरेशुभ्र पंख उघडतात. या तापसाच्या पंखांची टोकाकडची पिसं काळी आणि अंगाकडचा भाग फिकट पिवळा दिसतो. त्याच्याच जवळच्या लाल तापसाचे पंख सगळेच तांबूस. पिवळ्या तापसाच्या नराच्या डोक्यावर काळी टोपी, मादीच्या मानेवर-छातीवर तपकिरी रेघा.

ते ताठ उभं राहणं म्हणजे त्याचं लपणं. धोका वाटला की मान आणि चोच सरळ वर, पिसं अंगाशी घट्ट. त्याच्या अंगावरचे उभे पट्टे वाळक्या पात्यांत मिसळून जातात. डोळे चोचीच्या बुडाशी इतके खाली असतात की चोच वर असतानाही तो चोचीखालून आपल्याकडेच बघत असतो. एकदा मी दहाएक फुटांवरून बराच वेळ पाणकणसाकडे बघत होतो आणि अचानक पात्यांमध्ये एक पिवळा डोळा दिसला. पक्षी सगळा वेळ समोरच होता!

मला सगळ्यात आवडते ती त्याची पायांची पकड. एक पाय एका देठावर, दुसरा शेजारच्या देठावर, लांब बोटांनी घट्ट धरून तो पाण्याच्या वर फाकून उभा राहतो आणि तिथूनच मान लांबवून मासोळी, बेडूक, किडे टिपतो. एवढ्याशा पायांनी जिथे उतरता आलं नसतं, तिथल्या खोल पाण्यावरही त्याची शिकार चालते. म्हणून त्याला नुसतं पाणी पुरत नाही, उभं दाट गवत लागतं. भातखाचरांतही तो दिसतो.

भारतात वीण मुख्यतः जून ते सप्टेंबर. पाती वाकवून पाण्याच्या थोडं वर मचाणासारखं घरटं, त्यात साधारण 4 ते 6 अंडी, नर-मादी दोघंही उबवतात. या दिवसांत कृपया पाणकणसात शिरू नका. काठावरच बसा, पहाटे किंवा तिन्हीसांजेला, आणि पाणी व गवत जिथे भेटतात त्या कडेवर नजर ठेवा.