क्वागा कुणाच्या घरातला?

प्रश्न : माझे आजोबा मिरजेत टांगा चालवायचे. परवा एका पुस्तकात क्वागाचं चित्र पाहिलं. पुढून झेब्रा, मागून थेट आजोबांची तांबडी घोडी! हा प्राणी नक्की कुणाचा? आता तो उरलाच नाही, मग ठरवायचं कसं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : प्राणिशास्त्रज्ञांनाही हाच पेच होता. काही जण क्वागाला घोड्याच्या जवळचा मानत. शेवटची मादी १८८३ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेली. मागे उरली पेंढा भरलेली मोजकी कातडी आणि थोडी हाडं.

जर्मनीत माइन्झच्या संग्रहालयातले क्वागा उसवून नव्याने भरताना प्राण्यांच्या कातड्यात पेंढा भरणारे कारागीर रेनहोल्ड राऊ यांना कातड्याला आतून वाळलेलं मांस चिकटलेलं दिसलं. जुन्या कारागिराने ते पुरतं खरवडलंच नव्हतं! राऊंनी ते केरात न टाकता जपून ठेवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यातूनच अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे शास्त्रज्ञ रसेल हिगुची, अ‍ॅलन विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये डीएनएची २२९ अक्षरं वाचली. नामशेष प्राण्याचा डीएनए वाचला गेला तो तेव्हा पहिल्यांदा. हा डीएनए मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तिच्यातल्या बारीक भागांतला. पेशीत त्याच्या पुष्कळ प्रती असतात, म्हणून एवढ्या वर्षांनीही काही हाती लागतं.

वर्गात मी मुलांना अशा अक्षरांच्या दोन कागदी पट्ट्या देते. एकीखाली एक धरायच्या, जिथे अक्षर जुळत नाही तिथे पेन्सिलने गोल करायचा. गोल जितके जास्त, तितक्या आधी दोन घराणी वेगळी झाली. क्वागा आणि पहाडी झेब्रा यांच्यात असे १२ गोल पडले. पुढे नव्या पद्धतीने तपासल्यावर त्यातले दोन चुकीचे निघाले. ती दुरुस्तीही विल्सन यांच्याच प्रयोगशाळेने छापली. मैदानी झेब्र्याशी ताडल्यावर तर क्वागा त्याचाच एक पोटप्रकार ठरला.

म्हणजे मागचा तो तांबूस रंग फसवा. तरी नातं आहेच. कॅनडातल्या युकॉनमध्ये गोठलेल्या जमिनीत घोड्याचं सुमारे ७ लाख वर्षांपूर्वीचं हाड सापडलं. त्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, २०१३ मध्ये वाचला, तेव्हा घोडे, गाढवं आणि झेब्रे यांचा सामाईक पूर्वज ४० ते ४५ लाख वर्षांपूर्वीचा असल्याचं दिसलं. तुमच्या आजोबांची घोडी आणि क्वागा यांची वाट तिथे फुटली.